हॉलमधल्या फ्लॅशच्या फोटोंत त्वचेचा खरा रंग कसा टिकवायचा?

कॅमेरावाली, ठाणे

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मावसबहिणीचं डोहाळजेवण झालं, त्याचे फोटो मी काढले. छतात पिवळसर एलईडीचे गोल दिवे, भिंती पीच रंगाच्या, जेवणाच्या टेबलांकडे पांढऱ्या ट्यूब. पीओपीचं छत पांढरं, पण मधोमध लाकडी पट्ट्या. बहीण सावळी आहे. अंगावर हिरवी साडी, शेवंती-मोगऱ्याचे दागिने. फ्लॅश छताकडे वळवून वापरला.

फोटो मोठे करून पाहिले तर एकाच चेहऱ्यावर तीन रंग. कपाळ आणि नाकाचा शेंडा फिका, किंचित निळसर. गालाची मागची बाजू नारिंगी. हनुवटीखाली आणि गळ्यावर हिरवट झाक. व्हाइट बॅलन्सची (कुठला उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी) पट्टी कुठेही सरकवली तरी एक सुधारतं आणि दुसरं बिघडतं.

तिचे तलावपाळीला सकाळी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. त्यांत तिचा तांबूस तपकिरी रंग जसाच्या तसा आलाय. हॉलमध्ये तो कुठे जातो, आणि तिथे तो आणायला फोटो काढतानाच काय करायला हवं, हे नीट समजून घ्यायचंय. फिल्टर लावून सगळ्यांना एकसारखं गुळगुळीत करायचं नाहीये. बारसंही त्याच हॉलमध्ये आहे, म्हणून आत्तापासून विचारतेय. सामान म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ३५ एमएम एफ/१.८ लेन्स आणि एक स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा सुटा फ्लॅश.

मासुंदा, ठाणे

छान मांडलंय. तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. तीन रंग दिसतायत कारण चेहऱ्यावर तीन ठिकाणांहून उजेड पडतोय आणि प्रत्येकाचा रंग वेगळा आहे.

स्पीडलाइटचा उजेड साधारण ५५०० ते ६००० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हाजवळचा (केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तो पिवळा, जास्त तो निळसर). छतातले पिवळसर एलईडी बहुतेक २७०० ते ३००० चे. जेवणाकडच्या पांढऱ्या ट्यूब आपल्याकडे सहसा ६५०० च्या असतात. कॅमेऱ्याला एका फोटोत एकच रंगाचा उजेड पांढरा धरता येतो. फ्लॅशला पांढरं धरलं की खोली नारिंगी, खोलीला पांढरं धरलं की फ्लॅश निळा. तलावपाळीला सकाळी सगळा उजेड एकाच आभाळातून येत होता, म्हणून तिथे झगडा नव्हता.

आपले डोळे हा फरक सांभाळून घेतात, म्हणून हॉलमध्ये उभं असताना काही खटकत नाही. त्यातही भिंत नारिंगी दिसली तर पाहणाऱ्याला चालतं, पण माणसाचा गाल जरासा हिरवा किंवा जांभळट झाला की चटकन लक्षात येतं. त्वचेच्या रंगाबाबत आपण सगळेच फार चोखंदळ असतो.

तेव्हा हॉलमध्ये पोचल्यावर बॅग उघडण्याआधी स्विचबोर्ड गाठा. पांढऱ्या ट्यूब एका बटणावर आणि पिवळे दिवे दुसऱ्यावर असतील तर निदान विधी होईपर्यंत एकच संच चालू ठेवायला यजमानांना सांगा. नाही कुणी म्हणत नाही. फक्त आयत्या वेळी, ओटी भरताना सांगू नका, आधी सांगून ठेवा. या एका गोष्टीने अर्धं काम होतं.

खारघर_टेकडी

माझी पद्धत याहून सोपी आहे. खोलीचा उजेड फोटोत येऊच द्यायचा नाही. आयएसओ ४००, एफ/४, शटर १/२००. साध्या हॉलचा उजेड या सेटिंगला साधारण तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खाली जातो, म्हणजे चेहऱ्यावर जे दिसतं ते जवळजवळ सगळं फ्लॅशचं. मग व्हाइट बॅलन्स ५५०० च्या आसपास ठेवला की त्वचा स्वच्छ येते. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून पांढऱ्या छत्रीत लावायचा आणि चेहऱ्यापासून हातभर-दोन हातांवर आणायचा. जेल (फ्लॅशवर लावायचा रंगीत पारदर्शक तुकडा) नको, गणित नको.

मासुंदा, ठाणे

एका माणसाच्या पोर्ट्रेटला ही पद्धत उत्तमच, मीही वापरतो. पण समारंभात मागची माणसं काळोखात जातात. फ्लॅशपासून अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. पुढची रांग दोन मीटरवर आणि मागची चार मीटरवर असेल तर मागच्या आज्या दोन स्टॉप काळ्या. शिवाय त्या काळोखात जो थोडा उजेड उरतो तो नारिंगीच असतो, म्हणजे त्यांच्या त्वचेचं आणखी वाटोळं. डोहाळजेवणाला नुसती पाटावर बसलेली मुलगी नको असते, भोवतीच्या बायकाही हव्या असतात.

प्रकाशयोजना

मी नाटकांच्या उजेडाचं काम करतो. प्रयोगात फ्लॅश चालत नाही, पण तुमचा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. ज्याला फोटोवाले जेल म्हणतात त्याला आमच्याकडे जिलेटिन म्हणतात. दोन दिवे वेगळ्या रंगाचे असतील तर एकावर जिलेटिन लावून त्याला दुसऱ्याच्या रंगाचं करायचं. हॉलचे पंचवीस दिवे तुम्ही बदलू शकत नाही, पण हातातला एक फ्लॅश बदलू शकता.

कुठलं जिलेटिन लावायचं हे अंदाजाने ठरवू नका, हिशोब सोपा आहे. दहा लाखाला केल्विनच्या आकड्याने भागायचं, येतो तो आकडा मायरेड. फ्लॅश ५५०० केल्विन म्हणजे १८२ मायरेड. तुमचे पिवळे दिवे ३००० धरले तर ३३३. फरक १५१. आता ली कंपनीचं २०४ नंबरचं जिलेटिन, ज्याला फुल सीटीओ म्हणतात, ते १५९ मायरेडने उजेड पिवळा करतं. म्हणजे जवळजवळ नेमकं. २०५ म्हणजे हाफ, ते १०९. २०६ म्हणजे क्वार्टर, ते ६४. हॉलमध्ये ४००० केल्विनचे दिवे असतील तर त्यांचे २५० मायरेड, फरक ६८, तिथे क्वार्टर चपखल बसतं. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, त्याच्याकडे एखादं खोकं पडलेलं असतं.

ट्यूब ६५०० च्या असतील आणि त्याच चालू ठेवायच्या असतील तर फ्लॅश उघडाच चालेल. फरक २८ मायरेडचा, डोळ्याला खुपत नाही. मात्र काही ट्यूबमध्ये हिरवी झाक असते. तिथे फ्लॅशलाही फिकं हिरवं जिलेटिन लावून दोघांना सारखं करायचं आणि मग कॅमेऱ्यात टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे सरकवायचा. आधी हिरवं करायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्ही उजेड एकसारखे बिघडलेले असले की एका झटक्यात सुधारता येतात.

फुल सीटीओ लावल्यावर फ्लॅशची पाऊण स्टॉपच्या आसपास ताकद जाते, तेवढी पॉवर वाढवा. फ्लॅशच्या तोंडाला तुकडा अगदी चिकटवू नका, सलग फुल पॉवर मारली तर जिलेटिन वितळतं. बोटभर फट ठेवा.

कॅमेरावाली, ठाणे

काका, हे सोनं आहे. मायरेडचा हिशोब इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता. फुल सीटीओ लावल्यावर कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स किती ठेवायचा? ऑटो ठेवला तर चालेल का?

प्रकाशयोजना

ऑटो नको. कॅमेऱ्याला फक्त फ्लॅश लावलाय एवढंच कळतं, त्यावर जिलेटिन आहे हे कळत नाही. केल्विन हाताने ठेवा. फुल लावलं असेल तर ३००० च्या आसपास.

माझी स्वतःची आवड सांगतो. अशा हॉलमध्ये मी फुलऐवजी हाफ लावीन. ५५०० चा फ्लॅश हाफ लावल्यावर साधारण ३४०० चा होतो. कॅमेराही ३४०० वर ठेवायचा. चेहरा बरोबर येतो आणि मागचे ३००० चे दिवे किंचित उबदार दिसतात. संध्याकाळचा समारंभ संध्याकाळचाच वाटायला हवा. मागचं सगळं पांढरंशुभ्र केलं तर ऑफिसातली मीटिंग वाटते.

बेलापूरकर

काकांच्या पद्धतीला अनुमोदन. सुरुवात आयएसओ ८००, एफ/२.८, १/१०० अशी करा. १/१०० मुद्दाम सांगतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर पूर्ण फेरा फोटोत येतो. १/२०० ला एका फोटोत उजेड जास्त, पुढच्यात कमी, रंगही थोडा वेगळा, असं होऊ शकतं.

पण रंग बिघडण्याचं आणखी एक कारण आहे ज्याबद्दल कुणी बोललं नाही, ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा बनतो. त्वचेत लाल चॅनल सगळ्यात वर असतो, मग हिरवा, मग निळा. फ्लॅश जरा जास्त झाला की आधी लाल चॅनल वर जाऊन आपटतो. तो थांबतो, हिरवा मात्र चढत राहतो, आणि त्वचा पिवळट, मेणचट होते. कपाळावरचा तो फिका डाग बऱ्याचदा व्हाइट बॅलन्सचा नसून याचा असतो. कॅमेऱ्यावर नुसता पांढरा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) पाहू नका, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा लावा आणि लाल उजव्या भिंतीला टेकतोय का ते बघा.

टीटीएल मोड, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवायची सोय, फ्रेममधल्या सगळ्याची सरासरी मध्यम करडी करायला बघतो. गडद साडी आणि सावळी त्वचा फ्रेमभर असेल तर तो समजतो की अंधार आहे, आणि फ्लॅश वाढवतो. मग सावळी मुलगी फोटोत फिकी होते. अशा वेळी फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या ताकदीत आपण केलेला बदल) उणे ०.७ ते उणे १ स्टॉप. पांढऱ्या सदऱ्यातल्या आजोबांचं उलट, तिथे अधिक करावं लागतं. बसायची जागा ठरलेली असेल तर सरळ मॅन्युअल पॉवर ठेवा. एकदा लावली की सगळा विधी एकसारखा येतो आणि घरी गेल्यावर एकाची दुरुस्ती सगळ्यांना लावता येते.

रंगपेटी, नेरूळ

मी मेकअप करते, माझ्या बाजूने थोडं. फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा आणि मान सावळी दिसते तेव्हा दरवेळी दोष फोटोग्राफरचा नसतो. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड, आणि सेट करायच्या पावडरमधलं सिलिका, समोरून येणारा फ्लॅश परतवतात. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, फोटोत डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे पट्टे उठतात. मेकअप झाल्यावर खोलीतले दिवे बंद करून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून बघायचा, तिथेच कळतं.

फाउंडेशनची शेड मानेशी जुळवायला हवी, हे मी प्रत्येक नवरीला सांगते. दोन शेड उजळ लावली की फ्लॅश ती फट उघडी पाडतो. आणि हळदीच्या फोटोंत गाल पिवळे असतात कारण त्यावर हळद आहे! तो पिवळा काढायला जाऊ नका. हळद लागायच्या आधीच व्हाइट बॅलन्स ठरवून ठेवा.

कॅमेरावाली, ठाणे

रंगपेटीताई, बहिणीने सनस्क्रीन लावलं होतं, हे आता लक्षात आलं. नाकावरचा पट्टा त्यामुळेच असणार.

दोन गोष्टी राहिल्या. पीच भिंती आणि साडीच्या हिरव्याचं काय करायचं? आणि लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला, पांढरं कशाला धरायचं ते दाखवायचा ड्रॉपर कशावर टेकवायचा? मी मोगऱ्याच्या फुलावर टेकवला तर त्वचा एकीकडे जाते, मावशीच्या पांढऱ्या ब्लाऊजवर टेकवला तर भलतीकडे.

मासुंदा, ठाणे

ड्रॉपर आधी. मोगरा आपल्याला पांढरा वाटतो, पण त्यात पिवळसर, हिरवट छटा असतात. पांढऱ्या कपड्याचं तर फारच फसवं. कपडे धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, आणि फ्लॅशच्या उजेडात अतिनील भाग असू शकतो. मग सदरा फोटोत निळसर येतो. त्याला पांढरं धरलंत की सॉफ्टवेअर सगळीकडचा निळा कमी करतं आणि त्वचा पिवळी पडते. साधं करडं कार्ड घ्या. विधी सुरू होण्याआधी मुलीच्या हातात, चेहऱ्याशेजारी धरून एक फोटो काढा. दिवे किंवा फ्लॅशची दिशा बदलली की पुन्हा एक.

आता भिंत. फ्लॅश ज्याच्यावर आपटून येतो त्याचा रंग घेऊन येतो. पीच भिंतीवरून आला तर पीच, लाकडी पट्टीवरून आला तर तपकिरी. आणि तो चेहऱ्याच्या एकाच बाजूला लागतो, म्हणून व्हाइट बॅलन्सने निघत नाही. तुमचं छत पांढरं आहे, तर लाकडाच्या पट्ट्या टाळून कडेच्या पांढऱ्या भागावर मारा. नुसता डोक्यावरून उजेड आला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो, म्हणून किंचित मागे आणि बाजूला. त्याहून बरं म्हणजे स्वतःची पांढरी भिंत न्यावी. स्टेशनरीच्या दुकानात पांढरा सनबोर्ड मिळतो, चांगला मोठा तुकडा घ्या आणि एखाद्या भाच्याला धरायला लावा. फ्लॅश त्याच्यावर मारायचा. पीच भिंतीकडे उजेड सांडू नये म्हणून फ्लॅशच्या त्या बाजूला काळ्या फोमची पट्टी रबरबँडने बांधा.

हिरवी हनुवटी साडीमुळेच. वरून आलेला उजेड मांडीवरच्या हिरव्या कापडावर पडतो आणि तिथून वर हनुवटीला लागतो. उजेड बाजूने आणलात की मांडीवर कमी पडेल. तरी थोडी झाक राहीलच. ती लाइटरूममध्ये हनुवटी-गळ्यापुरता मास्क करून टिंट जरा मॅजेंटाकडे नेऊन काढायची. हलक्या हाताने. पूर्ण काढली तर चेहरा वेगळा कापून चिकटवल्यासारखा वाटतो, कारण हिरवी साडी नेसल्यावर थोडा हिरवा तिथे असायचाच.

खारघर_टेकडी

वर जेलला नको म्हटलं होतं, पण समारंभासाठी काकांचं पटलं. एक भर घालतो. काही हॉलमध्ये केल्विन जुळवूनही त्वचा मेल्यासारखी, राखाडी येते. तो दोष दिव्याच्या दर्जाचा. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो (त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा), तो आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल, ज्याला आर ९ म्हणतात, तो त्या सरासरीत नसतोच. स्वस्त एलईडी नेमके तिथे कमी पडतात, आणि त्वचेचा जिवंतपणा त्या लालवरच अवलंबून. जो लाल उजेडातच नाही तो एडिटिंगने येत नाही. अशा हॉलमध्ये फ्लॅशचा वाटा वाढवा, कारण झेनॉन फ्लॅशच्या उजेडात सगळे रंग असतात.

वाचनमात्र

मी लग्नाचे फोटो काढतो. हे सगळं करून बरोबर रंग आणला तरी घरचे म्हणतात, मुलगी जरा गोरी करा. पैसे तेच देतात. काय करायचं?

कॅमेरावाली, ठाणे

मी नाही म्हणते. मुलीला समोर बसवून तिचे बाहेरच्या उजेडातले फोटो आणि हे फोटो शेजारी दाखवते. आपला रंग नीट आलेला पाहून तिला जो आनंद होतो तो खरा असतो. आपल्याकडे सावळ्या मुलींनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. निदान आपल्या कॅमेऱ्याने तरी त्यात भर घालू नये.

बेलापूरकर

पूर्ण सहमत. ही फक्त घरच्यांची खोड नाही, तंत्रातही ती मुरलेली होती. रंगीत फिल्मच्या काळात प्रिंटिंग मशीन जुळवायला कोडॅक लॅबना एक नमुना फोटो देत असे, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर बराच काळ गोरी बाई. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर, बाकीच्यांचं जे होईल ते होईल. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. २०२२ मध्ये गुगलने एलिस मंक या अभ्यासकाची दहा छटांची पट्टी स्वीकारली, तीही याच उणिवेपोटी.

आणि घरच्यांना समजवायला एक तांत्रिक गोष्ट. व्हिडिओवाल्यांच्या व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, त्वचेची एक रेषा असते. गोऱ्या, सावळ्या, काळ्या सगळ्यांची त्वचा त्या एकाच रेषेच्या आसपास पडते, कारण खालचं रक्त आणि मेलॅनिन सगळ्यांत तेच. मोठा फरक पडतो तो उजळपणात. म्हणून रंगछटा बरोबर करा आणि उजळपणा त्या माणसाचा आहे तसा ठेवा. सावळ्या त्वचेला प्रकाश वाढवून फिकं करण्यापेक्षा मोठ्या, मऊ दिव्याने बाजूने झळाळी द्या. गालाच्या हाडावर जी लकेर उठते ती सावळ्या त्वचेवरच सगळ्यात देखणी दिसते. वाचनमात्र, घरच्यांना असा एक फोटो आधी दाखवा. मागणी पुष्कळदा तिथेच थांबते.

कॅमेरावाली, ठाणे

काल क्लबहाऊस रिकामं होतं, जाऊन करून पाहिलं. ट्यूब बंद, हाफ सीटीओ, ३४००, फ्लॅश डावीकडच्या सनबोर्डवर. बहीणच बसली होती, तीच हिरवी साडी मांडीवर घेऊन. कपाळ, गाल, गळा, तिन्हीकडे एकच तपकिरी. कानाच्या पाळीमागे थोडा उबदार उजेड, तो छानच वाटतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता शेवटची शंका. स्क्रीनवर बरोबर दिसणारी त्वचा अल्बममध्ये लालसर होऊन येते, ते का?

अल्बमवाला, वाशी

लॅबमध्येच काम करतो म्हणून सांगतो. बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात. फाइल अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत पाठवलेली असते आणि मशीन ती एसआरजीबी या दुसऱ्या पद्धतीतली समजून छापतं, मग रंग मलूल पडतात. एक्स्पोर्ट एसआरजीबीतच करा. दुसरं, लॅपटॉपचा स्क्रीन निळसर असतो. तुम्ही तो निळा भरून काढायला फोटो पिवळा-लाल करता आणि कागदावर तो जादा लाल उघडा पडतो. स्क्रीन कॅलिब्रेट करून (त्याचे रंग प्रमाणाशी जुळवून) घ्या, आणि निदान नाईट मोड बंद करून एडिट करा. तिसरं, काही लॅब आपल्या मनाने ऑटो करेक्शन लावतात, त्यात सावळे चेहरे उजळ आणि लाल होतात. ऑर्डरवरच लिहा, करेक्शन नको.

अख्खा अल्बम द्यायच्या आधी चार चेहऱ्यांची एक ४ बाय ६ ची प्रिंट मागवा, त्यात एक सावळा आणि एक उजळ चेहरा घ्या. ती दुकानातल्या ट्यूबखाली बघू नका. दिवसा खिडकीशी, थेट ऊन टाळून बघा, आणि मगच बाकीची ऑर्डर द्या.